कालचं जेवण

“काल काय जेवलात?” असं त्या मुलीनं विचारलं आणि लिलाबाई सांगत सुटल्या. फुणके केले होते तुरीच्या डाळीचे, वाफवून, वर तेलाची धार. कढी होती. दादर ज्वारीची भाकरी, कांद्याची पात घालून भरीत, आणि रात्रीला उडदाची डाळ. मुलगी खाली मान घालून लिहीत होती. ती धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यातून आली होती, बाविस्कर नाव होतं तिचं, आणि पिंप्राळ्याच्या त्या गल्लीत दारोदार फिरून ती बायकांना त्यांचं खाणंपिणं विचारत होती. पित्ताच्या पिशवीला कॅन्सर होतो म्हणे, बायकांनाच जास्त. कशानं होतो ते कुणालाच धड कळलेलं नाही. म्हणून आजारी बायकांना विचारायचं, तुम्ही जन्मभर काय खाल्लं, आणि तितक्याच धडधाकट बायकांनाही तेच विचारायचं, आणि दोन्ही समोरासमोर ठेवून बघायचं. शेजारच्या सुनंदाबाई दारात चौकटीला टेकून ऐकत होत्या. तेल कोणतं, शेंगदाण्याचं का करडईचं; उपास किती; दोन जेवणांत किती वेळ जातो; सगळं विचारून झाल्यावर मुलीनं कागद मिटले, चहा पिताना ती जरा मोकळी झाली आणि सहज म्हणाली, “बरं झालं काकू तुम्ही भेटलात. तुमच्याच वयाची एक बाई आमच्याकडे दाखल आहे, तुमच्याच जिल्ह्यातली, पारोळ्याकडची. तिला जोड मिळत नव्हती. आता तुम्ही तिची जोड.” आणि ती स्कूटरवर बसून निघूनही गेली. कपबशी उचलायला लिलाबाई वाकल्या तेव्हा सुनंदाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “फुणके केले होते का हो काल? भिंतीपलीकडे वास नाही आला तो.”

वाईटानं नव्हत्या बोलल्या त्या. सुनंदाबाईंचा स्वभावच तसा, जे नाकाला कळलं ते तोंडाला कळलंच पाहिजे. त्या हसत हसत गेल्या, आणि लिलाबाई कपबशी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. फुणके. काल? काल सकाळी त्यांनी चहात बुडवून टोस्ट खाल्ला होता. दुपारी ओट्यापाशी उभ्यानंच परवाची भाकरी मोडून चटणीला लावली होती, अर्धी खाल्ली, अर्धी झाकून ठेवली. रात्री काही नाही. रात्री दूध पिऊ म्हणता म्हणता झोप लागली होती. मग ते भरीत कुठून आलं तोंडात? खोटं बोलायचं म्हणून त्या बोलल्या नव्हत्या, देवाशपथ नव्हत्या. ‘काल’ असा शब्द त्या मुलीनं उच्चारला आणि आतून कुठूनसा एक दिवस आपला आपण वर आला, घागर दोराला लागून वर यावी तसा, भरलेला, सांडत. वरणगावच्या कारखान्याचा भोंगा झालेला आहे. क्वार्टरच्या मागच्या बाजूला त्या कपाशीच्या वाळल्या पळाट्या पेटवून वांगी भाजताहेत, धुरानं डोळे चुरचुरताहेत. सुकदेवरावांची सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज, आणि आल्या आल्या त्यांचं ते म्हणणं, वास तर फाटकापर्यंत आलाय. लेकाला, रुपचंदला, कडक पापुद्र्याची भाकरी हवी, तो चुलीजवळूनच ओढतोय. मग सगळ्यांची जेवणं. मग त्यांचं स्वतःचं, पातेल्याच्या बुडाशी उरलेलं, भाकरीनं पुसून घेतलेलं, आणि तेही गोड. हा काल होता. कुठला काल होता हा? सुकदेवरावांना जाऊन किती वर्षं झाली, रुपचंद सुरतेला स्थायिक होऊन किती, ते काही त्या मुलीनं विचारलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि वाटीत साखर ठेवून नैवेद्य दाखवला. रोजची साखरच. स्वयंपाक नसला की साखर, आणि स्वयंपाक हल्ली नसेच. हात जोडले तर डोळ्यांपुढे देव येईना, ती पारोळ्याकडची बाई येई. तिला चेहरा नव्हता. नुसती खाटेवर आडवी झालेली एक बाई, आपल्याच वयाची, आणि तिच्या उशाशी तिचं खरंखुरं ताट मांडलेलं. आणि समोर आपलं ताट, फुणक्यांचं, भरिताचं, खोटं. दोन्ही समोरासमोर ठेवून बघणार होते ना ते? मग काय बघतील? म्हणतील, बघा, ही बाई रोज चारीठाव जेवली आणि धड राहिली. कुणाला तरी तसंच सांगतीलही पुढे. आपल्या एका वाफाळत्या खोट्यानं कुठल्याशा परक्या बाईच्या मरणाचा हिशेब चुकायचा. लिलाबाईंचा हात उजवीकडे, बरगडीखाली गेला. त्यांनी तिथं दाबून पाहिलं. काही नव्हतं. आणि तरीही, ह्या सगळ्या धास्तीच्या तळाशी, त्यांना लाज वाटावी असा एक बारीकसा आनंद होता. कुणाची तरी जोड आहोत आपण. पायांतली जोडवी उतरली त्या दिवसापासून हा शब्द त्यांच्या वाट्याला कुणी दिला नव्हता. लोक म्हणत, एकट्या राहता, धीराच्या आहात. एकट्या बाईला लोक फार धीर देतात.

देवळात त्या आठवड्यात पितांबरबुवांचं कीर्तन होतं, दुपारचं, बायकांना सोयीचं. कीर्तन म्हणजे लिलाबाईंचा जीव की प्राण. लहानपणी धुळ्याकडच्या माहेरी त्या बापाच्या खांद्यावर बसून कीर्तनाला गेल्या होत्या, आणि झांजेचा पहिला ठणका कानावर पडला की अजूनही त्यांच्या तळव्यांना मुंग्या येत. मृदंगाला कणीक लावून घेतल्याचा तो बुद्दबुद्द आवाज, बुक्क्याचा वास, उदबत्ती, बुवांनी उपरणं कमरेला बांधून टाकलेलं पहिलं पाऊल. ह्या सगळ्यांत त्या शिरल्या की घराची कडी आपण लावली की नाही हेसुद्धा त्यांना आठवत नसे. इतकी माणसं एका वेळी एकच नाव घेतात, एकाच ठेक्यावर टाळ्या वाजवतात, त्यात आपलाही आवाज कुठंतरी मिसळलेला असतो. तेवढा वेळ माणूस एकटा नसतो. देव आहे की नाही ह्याचा वाद घालणाऱ्यांनी एकदा नुसतं त्या टाळ्यांत बसावं, असं लिलाबाईंना नेहमी वाटे. पितांबरबुवा पूर्वरंगात अवघड काही सांगत नसत. अन्नाला नाव ठेवू नका, भुकेल्याला विन्मुख पाठवू नका, एवढंच. पण उत्तररंगात आख्यान लावलं की त्यांचा आवाज आईसारखा होई.

त्या दिवशी त्यांनी एका राखणदार म्हातारीची गोष्ट लावली होती. रानात माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकणारी, मागे-पुढे कुणी नसलेली. देव तिच्याकडे वाटसरू होऊन आला. म्हणाला, भूक लागली. तिनं होतं नव्हतं ते पानावर वाढलं, भाकरी, मिरची, मिठाचा खडा. देवानं घास मोडला, उचलला आणि हात तसाच तोंडापाशी थांबवला. म्हातारी म्हणाली, बाबा, खा ना. देव म्हणाला, तू बस. ती म्हणाली, मी मागून बसेन. देव म्हणाला, तू बसल्याशिवाय हा घास खाली जायचा नाही. म्हातारी म्हणाली, अरे, आजवर मी कधी कुणासमोर जेवले नाही, मला येत नाही तसं जेवायला. इथं बुवांनी झांज छातीशी दाबून गप्प केली. देवळात टाचणी पडली तरी ऐकू यावी असं झालं. देवाचा हात तोंडापाशी, म्हातारी उभी, ऊन कलतंय, पाखरं येऊन कणसांवर बसताहेत. आणि लिलाबाई उठल्या. आख्यान अर्धवट टाकून उठू नये, हे त्यांना बापानं शिकवलं होतं. सापानं फणा काढला तरी आरतीपर्यंत जागा सोडायची नाही. जन्मात पहिल्यांदा त्या उठल्या. बायकांच्या गुडघ्यांतून वाट काढत, कुणाचा पदर पायाखाली येत, सुनंदाबाईंचं “अहो, कुठं?” मागे टाकत त्या बाहेर उन्हात आल्या आणि चपला न शोधताच घराकडे चालू लागल्या. पाठीमागे बुवांचा आवाज पुन्हा सुरू झालेला त्यांना ऐकू आला, पण शब्द कळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी वांगी भाजली. पळाट्या कुठल्या इथं, गॅसच्या जाळीवरच. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं. भाकऱ्या दोघींपुरत्या थापल्या, आणि थापताना हाताला कसंसंच झालं, इतक्या दिवसांनी पीठ जास्त घेतलं होतं. भिंतीपलीकडून सुनंदाबाईंनी हाक घातली, “आज आला हो वास.” लिलाबाईंना बरं वाटलं. एस.टी.त खिडकीशी बसून त्यांनी डबा मांडीवर धरला. एरंडोल गेलं. कापूस वेचून झालेली रानं, उघडी, मधूनमधून बोंडं तशीच राहून गेलेली. डब्याची ऊब लुगड्यातून मांडीला लागत होती. मांडीवर मूल झोपावं तशी. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा त्या उगाच खाली उतरून उभ्या राहिल्या. स्टँडवरच्या बायका आपसांत अहिराणीत बोलत होत्या, आणि लिलाबाईंच्या कानात काहीतरी सैल झालं. ही त्यांची माहेरची बोली. सुकदेवरावांना ती येत नसे. वरणगावला क्वार्टरमधल्या बायका हसत, म्हणून त्यांनी ती हळूहळू गिळून टाकली. रुपचंदला तर त्यांनी ती दिलीच नाही. आता पिंप्राळ्यात त्या इतकं शुद्ध बोलत की कधी कधी आपलाच आवाज त्यांना रेडिओवरच्या बाईसारखा वाटे.

धुळ्याला दवाखान्यात बाविस्कर त्यांना एका लांबोळ्या खोलीत सापडली. लिलाबाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, की बेटा, मी त्या दिवशी सांगितलं ते काही कालचं नव्हतं. ते फार जुनं होतं. मुलगी आधी गोंधळली. मग ती रागावेल असं लिलाबाईंना वाटलं, पण तिनं नुसता दुसरा कोरा कागद काढला आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागली. ह्या वेळी लिलाबाईंनी चहा सांगितला, टोस्ट सांगितला, उभ्यानं खाल्लेली अर्धी भाकरी सांगितली. रात्री काय, तर काही नाही. आणि हे रोजच? रोजच. मग जेवता तरी कधी, भूक लागेल तेव्हा? लिलाबाई म्हणाल्या, “भूक लागते की नाही ते कळत नाही आता. जेवायचं राहिलं हे आठवतं, तेव्हा खाते.” मुलीचं पेन थांबलं. तिनं सांगितलं, की असं बरं नाही काकू. पित्ताची पिशवी असते ना, माणूस जेवला की ती रिकामी होते. जेवलंच नाही तर पित्त तिथंच साचून राहतं, घट्ट होतं, खडे धरतात. त्याचं पुढे काय होतं, खड्यांचं आणि ह्या रोगाचं नातं नेमकं काय, तेलाचं काय, उपासाचं काय, ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही. म्हणून तर विचारत फिरतोय. पण पालेभाजी, फळ आणि वेळच्या वेळी जेवण, ह्यानं तोटा तर नाही ना कुणाचा? लिलाबाई ऐकत होत्या. साचून राहतं, असं ती म्हणाली होती. काय काय साचून राहत असेल माणसात, कुणी विचारायला न आल्यामुळे.

त्यांनी हळूच विचारलं, ती पारोळ्याकडची बाई कशी आहे. मुलगी एकदम सावध झाली. म्हणाली, नाव सांगायचं नसतं आम्ही, त्या दिवशी मी बोलले तेच चुकलं. लिलाबाईंनी डबा टेबलावर ठेवला. त्या नुसत्या डब्याकडे पाहत राहिल्या. मुलीनंही डब्याकडे पाहिलं. मग ती कागद आवरत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “मी आता बायकांच्या वॉर्डात निघालेय. कुणी पिण्याचं पाणी शोधत माझ्या मागे आलं, तर मला काही मागे डोळे नाहीत.”

वॉर्डाच्या टोकाला, खिडकीखालच्या खाटेवर ती होती. मुलगी तिथं क्षणभर थांबली, उशी सारखी केली आणि पुढे निघून गेली. लिलाबाई पायथ्याशी उभ्या राहिल्या. बाई पिवळी होती, डोळ्यांच्या पांढऱ्यापासून नखांपर्यंत पिवळी, आणि हात इतके वाळलेले की बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. लिलाबाईंना वाटलं होतं, चेहरा ओळखीचा निघेल, आपल्यासारखा. तसं काहीच नव्हतं. ती चपट्या नाकाची, मोठ्या हनुवटीची, शेतात राबलेली एक परकी बाई होती. ती टक लावून पाहत होती. मग म्हणाली, “तू कोन वं?”

लिलाबाईंच्या तोंडून आपोआप आलं, “मी तुनी जोड.” आणि आपण कुठल्या बोलीत बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

बाईच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तिला मुलीनं सांगितलं असावं, किंवा तिनं आपलं आपण जुळवलं असावं. ती म्हणाली, “धडधाकट शे ती, तीच का?” लिलाबाईंनी मान हलवली. त्यांना लाज वाटली, आपलं धडधाकट असणं एखाद्या भरजरी लुगड्यासारखं वाटलं, सुतकाच्या घरी नेसून आलेलं. बाईनं हातानं खाटेजवळचं स्टूल दाखवलं. तिचं नाव झुंबरबाई. मुलगा होता सोबतीला, भटू, तो औषध आणायला खाली गेला होता. घरच्यांनी तिला कावीळ सांगितली होती, आणि तिनं ते मानल्यासारखं केलं होतं, उगाच पोरांना त्रास नको म्हणून. तिनं आपला पिवळा हात उन्हात धरून लिलाबाईंना दाखवला. “दुसरांदा हळद लागनी माले,” ती म्हणाली. “नवरदेव कोन शे, ते मातर कोनी सांगत नही.”

लिलाबाईंना हसू आलं. त्या हसताना झुंबरबाईही हसली, आणि हसणं दुखलं तशी ओठ दाबून थांबली. मग दोघी बोलत राहिल्या. काय बोलल्या ते धड सांगता येणार नाही. कुठल्या गावचं पाणी गोड, कुणाची जात्रा केव्हा, दळण्याच्या ओव्या कुणाला किती येत. गिळून टाकलेले शब्द लिलाबाईंच्या जिभेवर एकेक करून परत येत होते, आणि प्रत्येकाला चव होती. झुंबरबाई म्हणाली, ती पोर रोज येऊन विचारते काल काय खाल्लं, आणि माझ्या पोटात तर पाण्याचा घोट ठरत नाही. पण मी तिला सांगते बापडी, आठवून आठवून सांगते, तिचा जीव राहावा म्हणून. लिलाबाई दचकल्या. त्यांनी विचारलं, काय सांगतेस? झुंबरबाईनं खिडकीबाहेर पाहिलं. म्हणाली, लग्नाच्या पहिल्या साली सासूनं एकदा मला आपल्या शेजारी बसवून जेवू घातलं होतं, आंब्याचा रस होता, ते सांगते. मग पुन्हा जन्मभर सगळ्यांच्या मागून. म्हणून तेवढंच आठवतं.

तेव्हा दोन्ही ताटं अशी होती तर. लिलाबाईंनी उगाच डबा उघडला, नको त्या वेळी, आणि भरिताचा वास वॉर्डभर पसरला. त्या ओशाळल्या. तेल, मिरची, हे काय आणलं आपण आजारी माणसाला. त्या झाकण लावायला गेल्या तर झुंबरबाईनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. हात हलका होता, वाळक्या पानासारखा, पण तो उचलेना. लिलाबाईंना काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून त्यांनी कालचं कीर्तन सांगायला घेतलं. माळ्यावरची म्हातारी, वाटसरू झालेला देव, तोंडापाशी थांबलेला घास. त्यांना बुवांसारखं सांगता येत नव्हतं, झांज नव्हती, पण झुंबरबाई डोळे मिटून ऐकत होती आणि तिचं एक बोट चादरीवर ठेका धरत होतं. म्हातारी म्हणते, मला येत नाही तसं जेवायला, इथं लिलाबाई आल्या आणि थांबल्या.

“मंग?” झुंबरबाईनं डोळे उघडले. “देव जेवना का?”

“माहीत नही,” लिलाबाई म्हणाल्या. “मी अर्धामाच उठी उनू.”

झुंबरबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. त्या पाहण्यात राग नव्हता, कीव नव्हती. शेतात शेजारच्या सरीतली बाई मागे पडली की वळून पाहावं, तसं ते होतं. मग ती डब्याकडे हनुवटी करून म्हणाली, “जेव आते. मी देखस.”

लिलाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांनी स्टूल पुढे ओढलं, भाकरी मांडीवरच्या झाकणात घेतली, तिच्यावर भरीत घेतलं. घास मोडला. हात तोंडापाशी गेला आणि तिथं थोडा रेंगाळला, कारण समोरचे पिवळे डोळे त्या हाताबरोबर वर आले होते. इतक्या वर्षांत त्यांच्या घासाकडे कुणी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी तो तोंडात घातला आणि चावायला लागल्या, आणि खाटेवरची ती मोठी हनुवटीही, तोंड रिकामंच असताना, त्यांच्याबरोबर हळूहळू हलायला लागली. दोघींचा घास एकदमच खाली गेला.

“मीठ कमी शे,” झुंबरबाई म्हणाली.

कमीच होतं.